विश्वास दाखवायचा तर दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीत दोन सख्ख्या बहिणी मिरजेत खानावळ चालवतात. थोरली अबोल आणि हिशेबी, धाकटी बडबडी आणि हात सैल असलेली. हस्तलिखित वाचणाऱ्यांना पहिल्या दहा पानांतच कळतं की या दोघी एकमेकींच्या उलट आहेत, पण पुढे शंभर पानं वाचूनही त्याहून जास्त काही हाती लागत नाही. शेवटी थोरली खानावळ धाकटीच्या नावावर करते तेव्हा तिचा एवढा विश्वास कधी बसला, असं ते विचारतात. स्वभाव कसा उघड करायचा आणि विश्वास कसा पटवायचा, हे तुम्हाला हवं आहे.

नवी हस्तलिखितं वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि हा दोष त्यांत फार वेळा दिसतो. बहुतेक लेखक आधी एक यादी करतात: हा शांत, तो तापट; ही साधी, ती धूर्त. मग प्रत्येक प्रसंगात दोघं आपापल्या यादीप्रमाणे वागतात. ही पात्रांची ओळख झाली. तिथून पुढे स्वभाव सुरू व्हायला हवा, पण लेखक तिथेच थांबलेला असतो.

मी एकाच कादंबरीच्या आधारे उत्तर देतो, कारण या विषयावर तिच्याइतकं शिकवणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. सर्व्हांटिसची ‘डॉन किहोते’. स्पॅनिशमध्ये पहिला भाग 1605 मध्ये आला आणि दुसरा 1615 मध्ये. उंच, हडकुळा, शौर्यकथा वाचून वेडावलेला म्हातारा, आणि गाढवावर बसलेला त्याचा गोलमटोल सेवक सांचो पान्सा, ही जोडी कादंबरी न वाचलेल्यांनाही माहीत असते. पण मला सांगायचं आहे ते या चित्रात येत नाही.

पहिली गोष्ट ही की सांचो कादंबरीच्या सुरुवातीला नाहीच. डॉन किहोते पहिल्यांदा घरातून निघतो तेव्हा एकटा असतो, स्वतःशीच बोलतो, मार खातो आणि परत आणला जातो. सांचो येतो सातव्या प्रकरणात. तोवर आपल्याला फक्त वेड दिसतं, माणूस दिसत नाही. आठव्या प्रकरणात पवनचक्क्या येतात. माळावर तीस-चाळीस चक्क्या उभ्या आहेत. एकाला राक्षस दिसतात, दुसऱ्याला चक्क्याच. इथे काय घडलं ते नीट पाहा. दोघांचे स्वभाव उलट आहेत असं लेखकाने कुठेही सांगितलेलं नाही. त्याने दोघांसमोर एकच वस्तू ठेवली आहे. तुमच्या दोघी बहिणी वेगवेगळ्या गोष्टी करताना उलट दिसतात: एक वही लिहिते, दुसरी गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. त्यामुळे विरोध नुसता मांडलेला राहतो, त्यांच्यात घडत नाही. दोघींना एकाच गिऱ्हाइकासमोर, एकाच थकलेल्या बिलासमोर उभं करा.

पण पवनचक्क्यांचा खरा धडा चक्क्यांत नाही, नंतरच्या अर्ध्या पानात आहे आणि तिकडे लोकांचं लक्ष कमी जातं. राक्षस समजून चक्कीवर चालून गेलेला धनी घोड्यासकट आपटतो. सांचो गाढव पिटाळत धावत येतो आणि म्हणतो, मी सांगितलं नव्हतं का, नीट बघा म्हणून? धनी सांगतो की फ्रेस्तोन नावाच्या जादूगाराने ऐन वेळी राक्षसांच्या चक्क्या करून टाकल्या. सांचो वाद घालत नाही. त्याला घोड्यावर बसवतो आणि वाटेत म्हणतो, तुम्ही म्हणता ते सगळं मी मानतो, पण जरा सरळ बसा, तुम्ही एका बाजूला झुकलात. मग वेदनेवरून बोलणं निघतं. धनी म्हणतो, वीराने जखमेबद्दल कण्हायचं नसतं. सांचो म्हणतो, दुखत असेल तर कण्हा, मला बरंच वाटेल. मी तर जराशा दुखण्यालाही कण्हणार. त्यानंतर सांचो झोळीतलं खात, बुधल्यातून दारू पीत चालतो. रात्री धनी प्रेयसीचं चिंतन करत जागा राहतो, सांचो गाढ झोपतो.

‘सगळं मानतो, पण सरळ बसा’ या एका वाक्यात सांचोचा अख्खा स्वभाव आहे. ज्याच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नाही त्याच्या कमरेची त्याला काळजी आहे. असा स्वभाव विशेषणांच्या यादीतून निघत नाही. कारण ‘व्यवहारी’ माणूस अशा धन्याला पहिल्याच दिवशी सोडून घरी गेला असता.

मग सांचो का जात नाही? डॉन किहोतेने त्याला एका बेटाचं राज्य कबूल केलेलं आहे. चक्की म्हणजे चक्की हे ज्याला स्वच्छ दिसतं, तोच माणूस शेतमजुरी सोडून बेटाच्या आशेने निघालेला आहे. म्हणजे दोघांतल्या शहाण्याने सगळ्यांत मोठं स्वप्न गिळलं आहे. उलट डॉन किहोते वीरांच्या गोष्टी निघेपर्यंत अगदी शहाणा असतो. दुसऱ्या भागात सांचोला खरंच एका गावाचा कारभार मिळतो तेव्हा न्याय कसा करावा, लाच कशी टाळावी, गरिबाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे कसं बघावं, हे त्याला हा वेडा इतकं नीट सांगतो की त्या दोन प्रकरणांत वेडाचा मागमूस नसतो. विरोध असा एकमेकांत शिरलेला हवा. तुमच्या उधळ्या बहिणीकडे एखादी बाब अशी द्या की तिथे ती थोरलीपेक्षा कडक आहे. हिशेबी बहिणीला असं एक खर्चिक वेड द्या की ज्याचा हिशेब ती वहीत लिहीत नाही.

आता विश्वास. माझं ठाम मत आहे की कादंबरीत विश्वास शब्दांनी दाखवता येत नाही. ‘माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे’ असं पात्राने म्हटलं की वाचक सावध होतो आणि आता दगा होणार असं धरून चालतो. विश्वास दिसायला दोघांच्या माहितीत फरक लागतो. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, आणि वाचकाला दोन्ही ठाऊक आहे. एक जण खोटं बोलला की हा फरक आपोआप तयार होतो. सांचोच्या खोटेपणाचा माग काढला की या दोघांचं नातं पायरी-पायरीने कसं बांधलंय ते दिसतं.

पहिलं खोटं भीतीपोटी आहे. अंधारी रात्र आहे, जंगलात कसले तरी भयंकर ठोके ऐकू येताहेत. धनी साहसाला निघतो. एकटं राहावं लागेल या धास्तीने सांचो गाढवाच्या दाव्याने गुपचूप घोड्याचे पाय बांधतो आणि म्हणतो, बघा, देवाचीच इच्छा नाही. उजाडल्यावर कळतं की तो आवाज लोकरी कापड कुटणाऱ्या, पाण्यावर चालणाऱ्या सहा हातोड्यांचा होता. सांचोला हसू आवरत नाही, आणि धनी त्याला भाल्याचे दोन तडाखे देतो. इथवर विश्वास नाहीच. एक घाबरट नोकर आहे आणि एक रागीट मालक.

दुसरं खोटं कामचुकारपणाचं. धनी डोंगरात तप करत बसतो आणि प्रेयसी दुल्सिनेआसाठी पत्र देऊन सांचोला पाठवतो. सांचो तिच्याकडे जातच नाही, पत्राची वहीसुद्धा घ्यायला विसरलेला असतो. परत आल्यावर थाप मारतो की भेटलो, ती गहू पाखडत होती. धनी लगेच म्हणतो, ते दाणे म्हणजे मोतीच असतील. सांचोच्या थापेला धनीच सजवतो, आणि थाप पुरी करायला दोघांचे हात लागतात. दोघांनी मिळून चालवायच्या एका गोष्टीचं बीज इथे पडतं.

तिसरं खोटं दुसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात आहे आणि तिथे सगळं उलटं होतं. धनी म्हणतो, चल, तोबोसोला जाऊन दुल्सिनेआला प्रत्यक्ष भेटू. सांचोने तिला निरोपच दिला नव्हता, आता उघडं पडायची वेळ आली. तो धन्याला गावाबाहेर रानात थांबवतो आणि गाढवांवर बसून येणाऱ्या तीन खेडवळ मुली दिसताच त्यांच्यासमोर गुडघे टेकतो: ही पाहा राजकन्या! आणि डॉन किहोते, ज्याला चक्क्यांत राक्षस दिसतात, तो म्हणतो, मला तर गाढवांवरच्या तीन शेतकरी पोरीच दिसताहेत. पहिल्यांदाच वेड्याला खरं दिसतं आणि शहाणा त्याला स्वप्न दाखवतो. तरीही धनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, सांचोच्या शब्दावर ठेवतो. चेटकाने माझ्याच डोळ्यांना तिचं रूप दिसू नये असं केलं, असं म्हणून तो सांचोशेजारी गुडघ्यावर बसतो.

एरिक आउअरबाख या जर्मन समीक्षकाने याच प्रसंगावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. 1946 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात ते नव्हतं, 1950 च्या स्पॅनिश भाषांतरासाठी त्याने ते नव्याने लिहिलं. मला या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते: विश्वास ठेवणाऱ्यापेक्षा, ज्याच्यावर तो ठेवला गेला त्याचा स्वभाव इथे जास्त उघडा पडतो. सांचोच्या हाती आता एवढी सत्ता आली आहे की तो धन्याला काहीही पटवू शकतो. या सत्तेचं तो काय करतो, हा पुढच्या पाचशे पानांचा खरा प्रश्न आहे.

तीनच प्रकरणांनंतर त्याचं अर्धं उत्तर मिळतं. रात्री रानात दुसऱ्या एका सेवकाशी सांचो गप्पा मारत बसला आहे, धनी दूर आहे. तो सेवक म्हणतो, असल्या वेड्याला सोडून घरी जा. सांचो सांगतो की माझ्या धन्यात कपट नाही, भर दुपारी रात्र आहे असं एखादं पोरही त्याला पटवून देईल. आणि या भोळेपणामुळेच तो मला काळजासारखा वाटतो, त्याने कितीही वेडेपणा केला तरी मला त्याला सोडवत नाही. ज्या भोळेपणाचा त्याने नुकताच गैरफायदा घेतला, त्याच भोळेपणावर त्याचा जीव जडला आहे. शिवाय हे तो धन्याच्या तोंडावर बोललेला नाही. तुमच्या कादंबरीत दोघी बहिणी एकमेकींना ‘तू आहेस म्हणून मी आहे’ असं म्हणतात, तो संवाद काढून टाका. तेवढी गोष्ट थोरलीच्या तोंडून भाजीवाल्याला ऐकू येऊ द्या.

यानंतर धन्याची पाळी येते. दोरीला बांधून तो मोन्तेसिनोसच्या गुहेत उतरतो, तासाभराने वर येतो आणि सांगतो की तीन दिवस आत होतो. आत चेटूक झालेली दुल्सिनेआ दिसली म्हणतो. तिच्या सखीने सहा रेआल, म्हणजे तेव्हाची स्पॅनिश नाणी, उसने मागितले, त्याच्याजवळ चारच होते, ते दिले. सांचोला वेड लागायची किंवा हसून जीव जायची वेळ येते, कारण दुल्सिनेआवरचं चेटूक त्याने स्वतः रचलेलं आहे. तो धन्याला कळवळून सांगतो की भानावर या. डॉन किहोते रागावत नाही. तो म्हणतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे म्हणून तू असं बोलतोस. तोच माणूस ज्याने हसण्यावरून भाला उगारला होता. नातं किती पुढे सरकलं ते लेखकाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मग लाकडी घोडा. एक सरदार आणि त्याची बायको गंमत म्हणून दोघांचे डोळे बांधून त्यांना लाकडी घोड्यावर बसवतात आणि आकाशात उडाल्याचा भास करवतात. खाली उतरल्यावर सांचो ऐटीत सांगतो की मी पट्टी जरा वर केली, पृथ्वी मोहरीएवढी दिसली, सात बकऱ्यांच्या तारकांशी पाऊण तास खेळलो. धन्याला ठाऊक आहे की हे झालेलं नाही. तो सांचोजवळ येतो आणि त्याच्या कानात सांगतो की आकाशात तू पाहिलेलं मी मानावं असं तुला वाटत असेल, तर गुहेत मी पाहिलेलं तू मान. याहून जास्त मी बोलत नाही.

मी हे प्रकरण होतकरू लेखकांना पुन्हा पुन्हा वाचायला सांगतो. या कुजबुजीत डॉन किहोते सांचोला खोटारडा म्हणत नाही आणि स्वतः खरं बोललो असंही म्हणत नाही. गुहेत पाहिलं ते खरं की स्वप्न, ही शंका त्याच्या मनात आहेच. पुढे बार्सिलोनात एका बोलणाऱ्या पुतळ्यालाही तो हाच प्रश्न विचारतो. इथे तो फक्त एक देवघेव सुचवतो: तुझं तू सांभाळ, माझं मी सांभाळतो, आणि आपण एकमेकांना उघडं पाडायचं नाही. फसवणूक ठाऊक असूनही धरलेली सोबत, यालाच मी कादंबरीतला विश्वास म्हणतो. नुसता अजाणतेपणाचा विश्वास वाचकाला एका प्रसंगापुरता पुरतो. त्यावर तीनशे पानं चालत नाहीत.

एक मोठं मत इथे नोंदवायला हवं. साल्वादोर दे मादारियागा या स्पॅनिश लेखकाने 1926 मध्ये मांडलं की सांचो हळूहळू डॉन किहोतेसारखा होतो आणि डॉन किहोते सांचोसारखा. ते मत फार गाजलं, आणि त्यात तथ्य आहे. तरी मला ते थोडं जास्तच सुबक वाटतं. दोघं एकमेकांत मिसळून जात नाहीत. दुसऱ्याच्या स्वभावासाठी जागा करणं प्रत्येक जण शिकतो, आणि तेही अडखळत. दुल्सिनेआवरचं चेटूक उतरायला सांचोने स्वतःला 3300 फटके मारून घ्यायचे, असं ठरतं. सांचो टाळाटाळ करतो. एका रात्री धनी त्याला जबरदस्तीने मारायला जातो तेव्हा सांचो त्यालाच पाडून छातीवर गुडघा रोवतो आणि म्हणतो, माझा मालक मीच. लाकडी घोड्याच्या कितीतरी प्रकरणांनंतर हे घडतं. खरं नातं असंच मागेही घसरतं. तुमच्या आलेखात विश्वास फक्त वर चढतो, म्हणून तो खोटा वाटतो.

नंतर धनी पैसे कबूल करतो: एका फटक्याला पाव रेआल, म्हणजे सगळे मिळून 825 रेआल. सांचो अंधारात जातो, सहा-आठ फटके खरे मारतो आणि पुढचे झाडांच्या खोडांवर. वर कण्हतोही. धनी जपमाळेवर मोजतोय. कण्हणं ऐकून त्याचा जीव कासावीस होतो आणि तो धावत येऊन सांगतो, थांब, तुझ्या जिवावर बायकामुलं आहेत, दुल्सिनेआ थांबेल. सांचो पैशासाठी फसवतोय आणि त्याच फसवणुकीतून धन्याची माया उघडी पडते. ज्या स्त्रीसाठी सारा खटाटोप, तिला तो या गाढववाल्यासाठी मागे ठेवतो.

मराठी वाचकाला जोड्या म्हटलं की चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवतील. चिं. वि. जोशींची ती जोडी मला अतिशय आवडते. पण विनोदी कथामालेतली जोडी बदलायची नसते. पुढच्या कथेत ती तशीच भेटावी यातच मजा असते. कादंबरीतल्या जोडीला मात्र शेवटच्या पानावर पहिल्या पानासारखं राहता येत नाही.

शेवट कसा बांधलाय तेही पाहा, कारण तुमची मुख्य अडचण शेवटाचीच आहे. सेवक होऊन पुन्हा निघण्याआधी सांचो ठरावीक पगार मागतो. डॉन किहोते नकार देतो. वीरांच्या गोष्टींत पगार नसतो म्हणतो. हे पगाराचं बोलणं मनात ठेवा आणि मग मरणाच्या पलंगावर त्याने केलेल्या मृत्युपत्राचं पहिलं कलम वाचा: माझे काही पैसे सांचोकडे आहेत, त्यांचा हिशेब त्याच्याकडे मागू नये, उरलेले त्याचेच. शुद्धीवर आलेला धनी शेवटी हिशेबच माफ करतो. हा विश्वास पटतो, कारण आधी पैशावरून बोलाचाली, थाप आणि झटापट झालेली आपण पाहिली आहे. त्याच पलंगाशी सांचो रडत म्हणतो, मरू नका, चला, धनगरांच्या वेशात रानात जाऊ, एखाद्या झुडपामागे चेटूक उतरलेली दुल्सिनेआ भेटेलही. त्याने स्वतः रचलेलं तेच खोटं. तेव्हा ते स्वतःची कातडी वाचवायला होतं, आता धन्याचा जीव वाचवायला आहे. कृती तीच, कारण बदललं, आणि या बदलात सांचोचा अख्खा प्रवास मावतो. या वेळी मात्र धनी ते मानत नाही.

तुमच्या कादंबरीत हे करायला नवं कथानक लागणार नाही. तुमच्याकडे उधारीची वही आहे आणि आत्ता ती फक्त थोरली हिशेबी आहे हे दाखवायला वापरली आहे. तिसऱ्या प्रकरणात धाकटी एका विद्यार्थ्याचे थकलेले पैसे जमा झाले असं खोटं लिहून ठेवते, कारण तिला ओरडा नको आहे. थोरलीला ते कळतं, पण ती बोलत नाही, आणि का बोलत नाही हे तुम्हीही सांगू नका. मध्यावर दोघींचं याच वहीवरून कडाक्याचं भांडण होऊ द्या. त्यात थोरली ते जुनं खोटं बाहेर काढेल की नाही, यावर तिचा स्वभाव ठरेल. माझा कल न काढण्याकडे आहे, पण तुमची थोरली तुम्हाला जास्त ठाऊक. शेवटाकडे थोरलीच स्वतः त्या वहीत एक खोटी नोंद करते, धाकटीसाठी. खानावळ नावावर करण्याचा प्रसंग त्यानंतर दोन ओळींत आटोपला तरी चालेल.

निवेदनाबद्दल एकच सूचना. सध्या तुम्ही सगळी गोष्ट थोरलीच्या मनातून सांगता, त्यामुळे तिला काय ठाऊक आहे हे वाचकाला लगेच कळतं आणि गुपित शिल्लक राहत नाही. वहीची तीनही प्रकरणं धाकटीच्या बाजूने लिहून पाहा. आपलं खोटं पचलं असं तिला वाटू द्या, आणि थोरलीला ते ठाऊक होतं हे वाचकाला तिच्याआधी, एखाद्या पुसलेल्या आकड्यावरून कळू द्या.